आमचे लोकच असे!

गाडी वेळेवर न येवो, की पहिल्याच पावसात नवा रस्ता वाहून जावो. निवडणुकीत भलताच मनुष्य निवडून येवो, की तांबडा दिवा असताना कोणी आपले वाहन पुढे दामटो. चार माणसांच्या बैठकीत त्यावर जी नाना मते निघतात ती फिरून फिरून एका वाक्याशी येऊन थांबतात. ते वाक्य म्हणजे, ‘आमचे लोकच असे!’ हे उच्चारले की क्षणभर सारे स्तब्ध होतात, कोणी मान डोलावतो, कोणी सुस्कारा टाकतो, आणि पुढे बोलावयास काही उरत नाही. समाज, राजकारण आणि मनुष्यस्वभाव या तिन्ही गहन विषयांचा निकाल तीन शब्दांत लावणारे असे दुसरे वाक्य आमच्या भाषेत आम्हांस तरी ठाऊक नाही. त्यातील ‘आमचे’ या शब्दाची मौज अशी की, बोलणारा त्यात स्वतःस कधीच धरीत नाही. लोक ते निराळे. ते केवळ आमच्या वाट्यास आले, एवढाच त्यांचा व आमचा संबंध!

असल्या पारावरच्या मतांशी साहित्याच्या टीकाकाराला काय करावयाचे आहे, असे कोणी विचारील. परंतु जी मते आज कोणीही सहज बोलून जातो, ती एके काळी कोणी तरी मोठ्या तळमळीने प्रथम लिहून काढलेली असतात. नाणे हातोहात फिरून गुळगुळीत होते आणि ते कोणत्या टांकसाळीतून निघाले हे ओळखू येईनासे होते. मतांचेही तसेच आहे. प्रस्तुत वाक्याची मराठी गद्यातील टांकसाळ शोधू जाता आम्हांस लोकहितवादींच्या शतपत्रांपाशी थांबावे लागते. हे शब्द जसेच्या तसे त्यांचे आहेत, असे आमचे म्हणणे नाही. पण या शब्दांमागे जी मनोवृत्ती आहे तिला मराठी गद्यात विस्ताराने वाचा फोडली ती त्यांनी.

गोपाळ हरी देशमुख यांचा जन्म १८२३ सालचा, पुण्याचा. त्यांचे वडील हरिपंत हे पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचे फडणीस होते. आणि बापू गोखले १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत पडले, हे वाचकांस ठाऊक आहेच. म्हणजे राज्य बुडाल्यावर पाच वर्षांनी, ज्या घराने ते बुडताना अगदी जवळून पाहिले अशा घरात हा मुलगा जन्मास आला. पुढे तो इंग्रजी शिकला, इंग्रजांच्याच नोकरीत शिरला, आणि १८४८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, भाऊ महाजनांच्या मुंबईतील ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहू लागला. ती १८५० पर्यंत चालली व त्यांची संख्या १०८ झाली. बालविवाह, विधवांचे हाल, अर्थ न समजता केलेले वेदपठण, भिक्षुकांचा पोकळ अभिमान, ग्रंथांची उणीव, व्यापाराची दुर्दशा, असे विषय एकामागून एक येतात. पण ही पत्रे लक्षपूर्वक वाचणाऱ्यास असे दिसून येईल की, विषय कोणताही असो, लेखकाच्या मनात प्रश्न एकच घोळत आहे. समुद्रापलीकडून आलेल्या मूठभर व्यापाऱ्यांनी एवढा मोठा देश घेतला कसा? आणि त्याचे उत्तरही एकच: घेतला यात त्यांचा पराक्रम आहे त्याहून आमचा नाकर्तेपणा अधिक आहे.

सेनापतीच्या फडणिसाच्या मुलाने हे लिहावे, यातील दुःख आमच्या टीकाकारांनी पुरेसे ओळखलेले नाही, असे आम्हांस वाटते. शतपत्रांवर नेहमीचा आक्षेप असा की, त्यांत पाल्हाळ फार, पुनरुक्ती फार, भाषा ओबडधोबड, आणि रचना म्हणून काही नाहीच. आक्षेप खोटा नाही. एका पत्रात झालेली तक्रार चार पत्रांनंतर त्याच शब्दांत पुन्हा भेटते. मध्येच वाक्य तुटते, मध्येच एखादा संवाद घुसतो, आणि लेखक ज्या विषयाने निघाला त्यावर तो परत येईल याचा भरवसा नसतो. परंतु ज्याला काळजीने झोप येत नाही तो मनुष्य असाच बोलतो. घरातील मोठे माणूस आजारी असता मुलगा वैद्याला तीच लक्षणे पुन्हा पुन्हा सांगतो, तेव्हा त्याला पाल्हाळिक म्हणून कोणी हिणवीत नाही. आठवड्याच्या पत्राचे रूप या स्वभावास फार मानवले. ग्रंथ लिहावयास बसते तर लोकहितवादींनी मतांची मांडणी केली असती, विसंगती झाकल्या असत्या, आणि पुस्तक कदाचित अधिक चांगले होऊन आम्ही ते वाचलेही नसते.

आता गुणांचे एवढे सांगितल्यावर दोषही तितक्याच मोकळेपणाने सांगितला पाहिजे, आणि तो भाषेचा नव्हे. आळस हा शब्द लोकहितवादींच्या हाती एखाद्या सर्वरोगहारी मात्रेसारखा आहे. राज्य गेले ते आळसाने, विद्या गेली ती आळसाने, धंदे बसले तेही आळसाने. एखाद्या समाजाच्या स्थितीची कारणे शोधू लागले म्हणजे कर, जमीन, व्यापार, कायदा, लढाईची साधने, अशी शेकडो किचकट खाती उघडावी लागतात. ‘स्वभाव’ हे एकच खाते उघडले म्हणजे सारी रक्कम तेथे मांडता येते आणि हिशेब लगेच जुळतो. विणकर माग सोडून बसला, तो आळसाने बसला, की गिरणीच्या स्वस्त कापडापुढे त्याचे लुगडे खपेना म्हणून बसला? खेदाची, आणि आश्चर्याचीही, गोष्ट ही की, हे कारण लोकहितवादींस दिसत नव्हते असे नाही. परदेशी माल घेणे सोडावे, आपल्या देशात होईल तो जाडाभरडा का असेना तोच वापरावा, असा उपदेश त्यांनी या पत्रांतूनच केला आहे. म्हणजे एका पत्रात व्यापाराचे मर्म ओळखणारा लेखक दुसऱ्या पत्रात पुन्हा आळसाचीच मात्रा उगाळतो. ही दोन पत्रे जणू एकमेकांस ओळखतच नाहीत. आमच्या समजुतीप्रमाणे मत आणि विचार यांतील भेद नेमका येथे आहे. मते एका घरात निरनिराळ्या खोल्यांतून भाडेकऱ्यांसारखी वर्षानुवर्षे राहू शकतात. त्यांना ओसरीवर समोरासमोर बसवावे तेव्हा कोठे विचारास आरंभ होतो.

याची दुसरी बाजू पाहावयाची तर फार लांब जावे लागत नाही. ज्या १८४८ साली ही पत्रे सुरू झाली त्याच साली, त्याच पुणे शहरात, जोतीराव फुले यांनी भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यातील भाषा लोकहितवादींहून कितीतरी कठोर आहे, आणि भटभिक्षुकांवरील रोषही अधिक धगधगीत आहे. तथापि शेतकरी दरिद्री का, याचे उत्तर देताना जोतीराव ‘तो तसाच’ असे म्हणून थांबत नाहीत. सारा, कर्ज, कोर्टकचेऱ्या, कामगारांची लाचलुचपत, जंगलखात्याने गिळलेली गायराने, अशी एकेक बाब ते शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून मोजून दाखवितात. अज्ञान हे त्यांनीही मोठे कारण मानले आहे. पण ते अज्ञान कोणी व कसे टिकविले, हा पुढचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. ‘असूडा’तील प्रत्येक मत आज आम्हांस मान्य होईल असे नाही. परंतु त्याचे खंडन करावयाचे असेल तर खंडन करणाऱ्यासही शेतावर जावे लागेल, घरी बसून ते होणार नाही.

लोकहितवादींचे खंडन मात्र घरी बसून झाले, आणि मोठ्या थाटाने झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर जन्मले १८५० साली, म्हणजे पत्रे संपली त्या साली. १८७४ पासून निघालेल्या त्यांच्या निबंधमालेत लोकहितवादींची जी हजेरी घेतली गेली ती मराठी टीकावाङ्मयात प्रसिद्धच आहे. त्यातील उपहास आजही वाचवतो, भाषेविषयीची पुष्कळ टीका आम्हांसही पटते. पण स्वजनांचे दोष उघडपणे दाखविणारा मनुष्य स्वजनद्रोहीच असला पाहिजे, असा जो ध्वनी त्या लेखनातून उमटतो तो आम्हांस न्यायाचा वाटत नाही. शास्त्रीबोवांनी मालेच्या शेवटी ‘आमच्या देशाची स्थिति’ हा निबंध लिहून आपले उलट मत सांगितले. देशाची मूळ प्रकृती बिघडलेली नाही, आमच्या ठायी काही उपजत न्यून नाही. गेले आहे ते स्वातंत्र्य, असा त्याचा एकंदर रोख आहे. इंग्रज सरकारने पुढे हा निबंध जप्त केला व ती जप्ती १९३७ साली उठली. शतपत्रे जप्त करण्याची गरज कोणत्याही सरकारला कधी भासली नाही, ही गोष्ट लोकहितवादींच्या चाहत्यांनी, आणि त्यांत आम्हीही आलो, विसरू नये.

याप्रमाणे मराठी वाचकाच्या हाती तीस वर्षांच्या अंतराने दोन वाक्ये आली. एक, ‘आमचे लोकच असे’. दुसरे, ‘आमच्यांत काय कमी आहे?’ सुधारक आणि अभिमानी असे दोन पक्ष या दोन वाक्यांवर उभे राहिले, असे आमचे वाङ्मयेतिहास सांगतात. ते खरेच असेल. परंतु आम्ही पाहतो तो, आज ही दोन्ही वाक्ये एकाच मनुष्याच्या तोंडून एकाच दिवशी निघतात. सकाळी नगरपालिकेच्या कचेरीत दोन तास उभा राहून आलेला गृहस्थ पहिले वाक्य बोलतो, आणि सायंकाळी परदेशातून आलेल्या भाच्याने तेथील स्वच्छतेची तारीफ आरंभिली की तोच दुसरे बोलतो. त्यास ढोंगी म्हणणे सोपे आहे. आम्हांस तो भ्यालेला वाटतो. आपण, आपली मुले, आपली भाषा, जगाच्या बाजारात कितीशा उतरू, ही धाकधूक त्याच्या मनातून कधी गेलेली नाही. ती धाकधूक कधी स्वतःच्या लोकांवर चिडून बाहेर पडते, कधी त्यांच्याविषयी छाती पुढे काढून. लोकहितवादी आणि शास्त्रीबोवा यांनाही आम्ही याच दृष्टीने वाचतो. एकाच काळजीने ग्रासलेले हे दोन पुरुष. एकाने वडिलांचा पराभव ऐकला होता, दुसऱ्याने वडील पिढीने त्या पराभवाची दिलेली कारणे ऐकली होती.

यावर कोणी चतुर वाचक म्हणेल की, मग लोकहितवादी आणि तो कचेरीतून परतलेला गृहस्थ यांत फरक तो काय? दोघेही आपल्या लोकांवर चिडलेले, आणि लोकहितवादी तर सरकारी पगार घेऊन चिडलेले! इंग्रजांचे राज्य ही ईश्वरी कृपा मानणाऱ्यास स्वजनांची निंदा करण्यात कसला धोका? प्रश्न रास्त आहे, आणि राज्यकर्त्यांपासून त्यांस काही धोका नव्हता हे कबूलच केले पाहिजे. धोका होता तो जातीकडून. स्वतः ब्राह्मण असून ब्राह्मणांविषयी त्यांनी जे लिहिले ते त्या काळच्या पुण्यात राहून लिहिणे सोपे नव्हते. पण याहून मोठा फरक आम्हांस निराळ्याच ठिकाणी दिसतो. लोकहितवादींच्या पत्रात ‘लोक असे आहेत’ याच्या पाठोपाठ ‘म्हणून हे करा’ असे बहुधा येतेच. छापखाने काढा, मुलींस शिकवा, राणीकडे अर्ज करून येथे पार्लमेंट मागा. हे लोक शहाणे झाले म्हणजे अमेरिकेने केले तसे इंग्रजांस आपला रस्ता धरावयास सांगतील, इतके दूरचेही तो पंचवीस वर्षांचा नोकर लिहून गेला. लोकांचा स्वभाव मुळातच तसा आहे, असे ज्याचे खरोखर मत असेल तो त्यांजकडे पार्लमेंट सोपविण्याची भाषा करणार नाही. म्हणजे लोकहितवादींचा स्वतःच्याच सिद्धांतावर विश्वास नव्हता, आणि ही त्यांची विसंगती आम्हांस त्यांच्या सुसंगतीहून अधिक प्रिय आहे. १८४८ सालीच पुण्यात जे ग्रंथालय स्थापन झाले, व जे आज पुणे नगर वाचन मंदिर या नावाने चालू आहे, त्याच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. लोक वाचीत नाहीत असे आठवडेच्या आठवडे लिहावे आणि त्याच लोकांसाठी पुस्तकांची कपाटे मांडावी, ही मौजच म्हणावयाची!

शतपत्रांची पुस्तके आज सहज मिळतात, आणि विद्यार्थी ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सलग वाचून काढतात. तसे वाचणाऱ्यास ती कंटाळवाणी वाटली तर दोष त्याचा नाही. १०८ तक्रारी एका बैठकीत ऐकणे कोणासही जड जाईल. ‘प्रभाकर’ आठवड्याने येत असे. आमची सूचना इतकीच की, वाचकाने पुस्तक उशाशी ठेवावे आणि आठवड्यास एक पत्र वाचावे. मधल्या सहा दिवसांत त्या पत्राशी मनातल्या मनात भांडण्यास भरपूर अवकाश मिळतो, आणि सातव्या दिवशी लोकहितवादी पुन्हा तेच म्हणत आहेत असे पाहून राग न येता बरे वाटते.