नलाचें अक्षहृदय आणि परदेशची वाट

द्यूत आणि देशत्याग यांची जोडी आपल्या वाङ्मयांत फार जुनी आहे. डाव हरला म्हणजे वनवास, हा क्रम महाभारतानें आपल्या मनावर इतका ठसविला आहे कीं, त्याच्या उलट क्रमाची कल्पनाहि आपणांस सहसा करवत नाहीं. डाव जिंकण्याची विद्या नेटानें शिकावयाची आणि तिच्या बळावर देश सोडावयाचा, म्हणजे देशत्याग हा दंड नव्हे तर बक्षीस, असें मानणारा जुगारी मला तरी जुन्या ग्रंथांत भेटलेला नाहीं. तो मला बोईसरास भेटला.

बोईसर आणि त्याच्या पश्चिमेस समुद्राकांठीं असलेलें तारापूर हा टापू वाचकांस ठाऊक असेलच. १९६९ सालीं देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र येथें सुरू झालें आणि शेजारीं मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. या वसाहतींत पाळीवर काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी २०२५ च्या आरंभीं एक वही घेऊन पालघरास माझ्या घरीं आला. वही इंग्रजींत होती. “सर, भाषा तेवढी तपासून द्या, बाकीचें तुम्हांला पटणार नाहीं,” असें तो म्हणाला. वहींत पुढील पांच वर्षांचे संकल्प होते. पाळी सुटल्यावर मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळावयाचा. पहिल्या वर्षीं लहान रकमांच्या टेबलांवर टिकावयाचें, दुसऱ्या वर्षीं एक पायरी चढावयाची. जितके तास खेळ, त्याच्या निम्मे तास अभ्यास. शिलकीचा अमुक भाग कधीं डावाला लावावयाचा नाहीं. आणि पांचव्या वर्षीं परदेशीं स्थायिक व्हावयाचें. देशाचें नांव तीनदां लिहून तीनदां खोडलेलें होतें.

ही वही वाङ्मय नव्हे, हें मला कळतें. परंतु संकल्पाची वही ही आजच्या तरुणांची फार मोठी लेखनपद्धति झाली आहे. तिच्यांत मनुष्य आपलें भावी चरित्रच लिहीत असतो. तेव्हां तिची परीक्षा चरित्रासारखी करण्यास हरकत नसावी.

प्रथम माझ्या मनांत आला तो उपदेश. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत जुगाऱ्याच्या विलापाचें सूक्त आहे. फांसे सोडून शेत नांगर, असा त्याचा शेवट आहे. परंतु वही नीट वाचतां हा उपदेश तिला लागू पडेना. सूक्तांतला जुगारी फांशांच्या आवाजासरशी धांवत सुटतो. या मुलानें आपले हरलेले डाव तारीखवार मांडले होते आणि कोणत्या डावांत आपण रागानें खेळलों हेंहि प्रामाणिकपणें नोंदलें होतें. म्हणून मीं ती जुन्या कृतींच्या शेजारीं ठेवून पुन्हां वाचली.

मृच्छकटिकांतील संवाहक घ्या. देवलांनीं तें नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणल्यापासून हें पात्र आपल्या ओळखीचें आहे. पाटलिपुत्राचा हा गृहस्थपुत्र प्रवाशांच्या गोष्टी ऐकून केवळ नवा देश पाहण्याच्या कुतूहलानें उज्जयिनीस येतो. अंग रगडण्याची कला तो कला म्हणून शिकला होता. पुढें तीच त्याची उपजीविका होते. धनी चारुदत्त दरिद्री झाल्यावर तो जुगारावर जगूं लागतो, दहा सुवर्णांचा ऋणको होतो, वसंतसेना त्याला सोडविते आणि तो बौद्ध भिक्षु होतो. शूद्रकानें त्याला दुष्ट केलेलें नाहीं. कुतूहल, कला, उपजीविका, जुगार या एकाखालीं एक असलेल्या पायऱ्या आहेत, आणि त्यांतली प्रत्येक उतरतांना मनुष्याला ती जिन्याची पायरी आहे असें वाटत नाहीं, एवढेंच तो दाखवितो. जी गोष्ट आवडीनें शिकलों तिच्यावर पोट भरण्याची वेळ आली म्हणजे तिचें काय होतें, हा प्रश्न त्या लहानशा पात्रानें कायमचा विचारून ठेवला आहे.

याहून महत्त्वाचें वनपर्वांतील नलोपाख्यान. मराठी वाचकाच्या मनांत नलाची कथा म्हणजे हंस आणि स्वयंवर. रघुनाथ पंडिताच्या आख्यानानें हा भाग इतका गोड केला कीं, पुढचा कठीण भाग मागें पडला. तो कठीण भाग असा. नलाच्या शरीरांत कलि शिरतो. पुष्कराशीं द्यूत महिनोगणती चालतें आणि नल राज्य हरतो. दमयंतीला टाकून, विरूप होऊन, बाहुक या नांवानें तो अयोध्येस ऋतुपर्ण राजाच्या अश्वशाळेंत नोकरी करतो. म्हणजे परदेशांत पडेल तें काम करणारा हा राजा आहे. पुढें विदर्भांतील कुंडिनपुराकडे रथ धांवत असतां ऋतुपर्ण एक बेहड्याचें झाड दाखवितो आणि त्याच्या दोन फांद्यांवर २०९५ फळें आहेत असें न मोजतां सांगतो. नलाला तें खरें वाटत नाहीं; तो रथ थांबवून फळें मोजून पाहतो आणि संख्या तंतोतंत जुळते. ही विद्या म्हणजेच अक्षहृदय. नल आपलें अश्वहृदय देऊन तिचा मोबदला करतो. प्राचीन काळीं फांसे बेहड्याच्या बियांचेच असत, हें लक्षांत घेतलें म्हणजे कवीनें हेंच झाड कां निवडलें तें कळतें.

या प्रसंगाचें मर्म पुढच्या ओळींत आहे. नलाला अक्षहृदय प्राप्त होतें त्याच क्षणीं कलि त्याच्या देहांतून बाहेर पडतो. द्यूताची विद्या आणि द्यूताचें वेड या दोन वस्तु कवीनें निरनिराळ्या ठेवल्या आहेत. इतकेंच नव्हे, तर एक आंत येतांच दुसरी बाहेर जाते असें दाखविलें आहे. द्यूताच्या निंदेसाठीं महाभारत उघडणाऱ्यांनीं हें स्थळ विसरूं नये. त्यानंतर नल पुष्कराला आव्हान देतो, एकाच डावांत सर्व पणास लावतो, जिंकतो, पुष्कराला क्षमा करून त्याचा वांटा परत देतो. पुढें तो खेळत बसल्याची कथा नाहीं. अक्षहृदय त्याच्या कामीं एकदांच आलें.

आतां पाश्चात्त्य वाङ्मयाकडे पाहूं. दोस्तोयेव्हस्कीची ‘जुगारी’ ही कादंबरी १८६६ सालची. प्रकाशकाच्या जाचक कराराच्या मुदतींत ती पुरी व्हावी म्हणून त्यानें ती लघुलेखिका आन्ना हिला सव्वीस दिवसांत सांगितली. पुढें तीच त्याची पत्नी झाली. कथानायक अलेक्सेय हा परदेशांतील एका कल्पित जर्मन नगरींत शिकवणी करणारा रशियन तरुण. त्याचा खेळ रूलेट, म्हणजे निव्वळ दैवाचा. तरीहि उद्यां आपण सावरूं हा त्याचा संकल्प शेवटच्या पानापर्यंत टिकतो. कादंबरीचें भयानकत्व त्याच्या हरण्यांत नाहीं, त्या ‘उद्यां’मध्यें आहे. नलाचा परदेश एका दिवशीं संपतो. अलेक्सेयचा कधींच संपत नाहीं, कारण परतून कोणाकडे जावयाचें हेंच त्याला उरलेलें नाहीं.

आमच्या काळीं पोकराचा पक्ष उत्तम रीतीनें मांडला तो मारिया कोनिकोव्हा या मानसशास्त्रज्ञ लेखिकेनें, ‘द बिगेस्ट ब्लफ’ या २०२० च्या पुस्तकांत. पत्ते किती असतात हेंहि ठाऊक नसतां तिनें एरिक सायडेल या मुरब्बी खेळाडूचें शिष्यत्व पत्करलें आणि २०१८ सालीं बहामा बेटांवरील एक मोठी स्पर्धा जिंकली. पुस्तक वाचनीय आहे आणि त्याचा आत्मा पुष्कळसा नलोपाख्यानाचाच आहे: पत्त्यांचें गणित शिकतांना खरें शिकावयाचें तें स्वतःच्या मनांतील कलीला ओळखणें. एक गमतीची गोष्ट अशी कीं, न्यूयॉर्कांत ऑनलाइन पोकराला मुभा नसल्यामुळें सरावासाठीं ती नदी ओलांडून न्यू जर्सींत जात असे. परंतु संध्याकाळीं ती घरीं परत येई, आणि तिचें ध्येय होतें पुस्तक. दैव किती आणि कर्तृत्व किती, हें जाणण्यासाठीं ती खेळली. खेळाबाहेर असलेल्या या ध्येयामुळेंच तिचें शिक्षण वाचनीय झालें.

पुस्तकांत जें सहसा ठळक होत नाहीं तें हिशेबानें सांगितलें पाहिजे. कौटिल्यानें जिंकलेल्या द्रव्यांतून द्यूताध्यक्षानें शेंकडा ५ घ्यावे असें सांगितलें आहे. आजच्या पोकरांतहि अड्डा चालविणारा डावाडावाला आपला हिस्सा कापून घेतो. त्याशिवाय भारतांत जिंकलेल्या रकमेवर शेंकडा ३० आयकर, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर शेंकडा २८ वस्तु व सेवा कर लागू झाला. म्हणजे इतरांहून थोडें बरें खेळून भागत नाहीं. हे सारे हिस्से भरून उरेल इतकें बरें खेळावें लागतें. आणि अक्षहृदय आतां गुप्तहि राहिलेलें नाहीं. २०१९ सालीं नोम ब्राउन व तुओमास सँडहोल्म यांच्या ‘प्लुरिबस’ या संगणक-कार्यक्रमानें सहा जणांच्या पोकरांत नामांकित खेळाडूंवर मात केली. ऋतुपर्णाची विद्या यंत्राला आली म्हणजे ती हळूहळू सर्वांस विकत मिळूं लागते, आणि सर्वांजवळ असलेल्या विद्येनें कोणीच राज्य जिंकीत नाहीं.

तशांत २२ ऑगस्ट २०२५ रोजीं राष्ट्रपतींच्या संमतीनें ऑनलाइन खेळांचा नवा कायदा झाला. १९६८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रमी हा मुख्यत्वें कौशल्याचा खेळ मानला होता. या कायद्यानें मात्र, पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, तो चालविण्यास व त्याची जाहिरात करण्यास बंदी केली. खेळणाराला शिक्षा ठेवलेली नाहीं. परंतु कंपन्यांनीं पैशाचीं टेबलें बंद केलीं आणि वहीचें दुसरें वर्ष सुरू होण्यापूर्वींच तिचा पाया गेला. असाच प्रसंग १५ एप्रिल २०११ रोजीं अमेरिकेंत आला होता. तेव्हां तेथील कित्येक व्यवसायी खेळाडूंनीं खेळ चालूं ठेवण्यासाठीं कॅनडा, मेक्सिको असे देश गांठले.

त्या पावसाळ्यांत तो विद्यार्थी पुन्हां आला. वहींतील क्रम त्यानें बदलला होता: पांचव्या वर्षींचें परदेशगमन आतां पहिल्या वर्षीं आलें होतें. पूर्वीं परदेशीं जाण्यासाठीं खेळावयाचें होतें. आतां खेळण्यासाठीं परदेशीं जावयाचें होतें. त्याला यांत फक्त तारखांचा फेरफार दिसत होता. मला त्यांत संवाहकाची एक पायरी दिसली. साधन आणि साध्य यांची अशी सहज अदलाबदल होऊं शकते याचा अर्थ असा कीं, साध्य पहिल्यापासूनच रिकामें होतें. वहींत रकमा होत्या, तास होते, पायऱ्या होत्या. परदेशीं गेल्यावर सकाळीं उठून करावयाचें काय, कोणाजवळ राहावयाचें, याविषयीं एक ओळ नव्हती.

परंतु हा दोष मी त्याच्या एकट्याच्या पदरीं घालूं शकत नाहीं. आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्या प्राध्यापकांनीं परदेशीं जाणें हीच उत्कर्षाची खूण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकविली. मीं स्वतः कितीतरी विद्यार्थ्यांस शिफारसपत्रें दिलीं. तेथें जाऊन काय करणार, हें एकालाहि विचारल्याचें स्मरत नाहीं. त्यांचीहि देशाची जागा रिकामीच असे. फरक इतकाच कीं, ती विद्यापीठाच्या नांवानें भरली जाई. आणि नलाला परत येण्यासाठीं निषधदेश होता. या टापूंत तारापूरच्या ३ व ४ क्रमांकांच्या अणुभट्ट्यांसाठीं अक्करपट्टी आणि पोफरण हीं गांवें उठलीं. जेथें स्वतःचा गांवच मनुष्याच्या हातीं राहत नाहीं, तेथें परक्या देशाची ओढ लागली तर नवल काय?

म्हणून नलोपाख्यानाचा निर्णय मला उपदेशापेक्षां न्याय्य वाटतो. तें विद्या शिकूं नको असें म्हणत नाहीं, घर सोडूं नको असेंहि म्हणत नाहीं. विद्या हातीं आल्यावर तिनें परत काय मिळवावयाचें हें ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच देहांतून कलि जातो, इतकेंच तें सांगतें. ही कसोटी पोकराला लागू आहे तशी आमच्या पदव्यांनाहि आहे.

वहीचें इंग्रजी मीं तपासून दिलें. चुका थोड्याच होत्या. शेवटच्या पानावर समासांत मराठींत विचारलें, “तेथें पोंचल्यावरचा पहिला दिवस लिहून दाखवशील काय?” वही घेऊन त्याला कांहीं महिने झाले. तें पान लिहून आलेलें नाहीं. आणि तो विलंब मला शुभच वाटतो, कारण तें लिहिणें पांच वर्षांच्या रकमा मांडण्याहून कठीण आहे.