सावलीत उमटलेली शैवाले

वनस्पतिसंग्रहाची फाइल हा आपल्या शाळा-महाविद्यालयांतला एक ठरलेला उपचार आहे. वर्तमानपत्रात पाने दाबायची, कार्डशीटवर चिकटवायची, खाली नाव लिहायचे, भोवती रंगीत चौकट आखायची आणि गुण घ्यायचे. त्यानंतर त्या फाइलीकडे कोणी पाहत नाही. दाबून वाळवलेल्या वनस्पतींतून एखादे पुस्तक घडते आणि विज्ञान व कला या दोन्हींच्या इतिहासात जागा मिळवते, हे त्या विद्यार्थ्याला सांगितले तर खरे वाटणार नाही. पण असे पुस्तक आहे. इंग्लंडमधील अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ ते १८५३ अशी दहा वर्षे खपून ब्रिटनच्या शैवालांचा हा छायाचित्रसंग्रह तयार केला. छायाचित्रांनी सजलेले जगातले पहिले पुस्तक म्हणून त्याचा उल्लेख होतो. तो मान बाजूला ठेवून पुस्तकाचे गुणदोष पाहू, कारण ते आपल्या फाइलींनाही लागू पडतात.

कुंचला का ठेवला?

अ‍ॅनांचा जन्म १७९९ मध्ये केंट परगण्यातील टनब्रिज येथे झाला. आई त्यांच्या अगदी लहानपणीच वारली. वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रेन हे वैज्ञानिक. ते ब्रिटिश म्युझियममध्ये काम करत आणि रॉयल सोसायटीचे सचिवही होते. त्या काळच्या मुलींना सहसा न मिळणारे विज्ञानाचे शिक्षण अ‍ॅनांना घरातच मिळाले. लामार्कच्या शंखशिंपल्यांवरील ग्रंथाचे वडिलांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यासाठी अडीचशेहून अधिक चित्रे अ‍ॅनांनी काढली होती.

हा तपशील महत्त्वाचा आहे. चित्र काढता येत नव्हते म्हणून त्यांनी छायाचित्रणाचा आसरा घेतला, असे झालेले नाही. हात तयार असूनही त्यांनी कुंचला खाली ठेवला. त्याचे कारण त्यांनी प्रस्तावनेत दिले आहे : शैवालांसारख्या अतिसूक्ष्म वस्तूंची अचूक चित्रे काढणे फार कठीण आहे. विल्यम हार्वे यांचा ब्रिटिश शैवालांवरील ग्रंथ १८४१ मध्ये निघाला होता, पण त्यात चित्रे नव्हती. पुढच्याच वर्षी, १८४२ मध्ये, कुटुंबाचे स्नेही सर जॉन हर्शेल यांनी 'सायनोटाइप' ही निळ्या छायाचित्रणाची पद्धत शोधली. अ‍ॅनांनी ग्रंथातली उणीव आणि नवी पद्धत यांची सांगड घातली आणि ऑक्टोबर १८४३ मध्ये संग्रहाचा पहिला भाग बाहेर पडला.

लोह, ऊन आणि पाणी

या पद्धतीत कॅमेरा लागत नाही. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे मिश्रण कागदाला लावून तो अंधारात वाळवायचा. त्यावर दाबून वाळवलेली वनस्पती ठेवायची, वर काच ठेवायची आणि सारे उन्हात मांडायचे. प्रकाशामुळे त्रिसंयुजी लोहाचे द्विसंयुजी लोह होते, त्याची फेरिसायनाइडशी अभिक्रिया होते आणि 'प्रशियन ब्ल्यू' हे न विरघळणारे निळे रंगद्रव्य तयार होते. वनस्पतीच्या सावलीतली रसायने तशीच राहतात आणि पाण्यात धुऊन निघून जातात. उरते ती निळ्यावर पांढरी आकृती. अभियंत्यांची 'ब्ल्यूप्रिंट' याच तत्त्वावर निघत असे.

एका पूर्ण प्रतीत सुमारे चारशे पाने. प्रत्येक कागदाला हाताने रसायन लावायचे, प्रत्येक पान वेगळे उन्हात ठेवायचे. डझनभर प्रती धरल्या तरी पाच हजारांच्या आसपास ठसे होतात. प्रस्तावनासुद्धा छापलेली नाही. अ‍ॅनांच्या हस्ताक्षरातला मजकूर त्याच निळ्या पद्धतीने उतरवला आहे.

जमा आणि खर्च

आता या चित्रांकडे परीक्षकाच्या नजरेने पाहू. पहिला गुण मापाचा. वनस्पती कागदाला टेकलेली असल्याने आकृती मूळ आकाराचीच येते. दुसरा गुण कमी लोकांच्या लक्षात येतो. उल्व्हासारख्या पातळ शैवालातून थोडा प्रकाश आरपार जातो, म्हणून ते फिकट निळे उमटते. फ्यूकससारखे जाड शैवाल शुभ्र उमटते. जिथे एक फांदी दुसरीवर पडते तिथे पांढरेपणा वाढतो. म्हणजे ही केवळ बाह्यरेषा नाही, ती जाडीचीही नोंद आहे. केसाएवढ्या फांद्यांचे फाटे असे उतरले आहेत की चित्रकाराने एक फाटा गाळला असेल ही शंकाच उरत नाही.

उणिवाही ठळक आहेत. शैवालांची हिरवी, तपकिरी आणि लाल अशी रंगांवरून विभागणी हार्वे यांनीच १८३६ मध्ये मांडली होती. अ‍ॅनांच्या पुस्तकात मात्र सगळी शैवाले निळ्यावर पांढरी! ज्या ग्रंथाला पूरक म्हणून हा संग्रह सिद्ध झाला, त्याच्या वर्गीकरणाचा मुख्य धागाच इथे दिसत नाही. दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. बहुतेक पानांवर लॅटिन नावाखेरीज काही नाही. नमुना कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या महिन्यात मिळाला, याची नोंद नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने स्थळ आणि तारीख नसलेला नमुना अर्धा मुकाच असतो.

तरी हे पुस्तक सुंदर का वाटते? माझ्या मते, ते सुंदर करण्याचा खटाटोप त्यात कमी आहे म्हणून. पानाच्या मध्यभागी शैवाल, खाली नाव, बस्स. १८५३-५४ च्या सुमारास मैत्रीण अ‍ॅन डिक्सन यांच्या सहकार्याने झालेल्या नेचे आणि फुलझाडांच्या संग्रहांत व नंतरच्या कामात मांडणी सजत गेली. पुढे पिसे आणि लेससुद्धा आली. ती पाने नजरेला अधिक सुखावतात, पण 'ही वनस्पती कशी आहे?' हा प्रश्न तिथे मागे पडतो. मला पहिले, साधे पुस्तक श्रेष्ठ वाटते. त्यातले सौंदर्य अचूकपणाच्या पाठोपाठ आले आहे.

कर्तीचे नावही त्या पानांत जवळजवळ हरवले होते. प्रस्तावनेखाली केवळ 'ए. ए.' अशी आद्याक्षरे होती. पुढे एका अभ्यासकाने त्यांचा अर्थ 'कोणी अनामिक हौशी' असा लावला. रॉयल सोसायटीने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते १९४५ मध्ये. अ‍ॅना १८७१ मध्येच निवर्तल्या होत्या. त्यांना श्रीमंती, फुरसत आणि वडिलांच्या ओळखी लाभल्या होत्या हे खरे. पण तसे लाभ इतर अनेकांना होते. दहा वर्षांची चिकाटी थोड्यांनाच.

दिंद्रुडच्या उन्हात

बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या गावाला समुद्र नाही, पण इंग्लंडला हेवा वाटावा असे ऊन आहे. एकदांडीचे फूल, बाभळीचे संयुक्त पान, शेवग्याची डहाळी, माजलगाव धरणाच्या काठचे पाणवनस्पतींचे तुकडे हे सारे या प्रयोगाला चालेल. गाजरगवत मात्र वगळावे; त्याने अंगाला खाज सुटते.

१०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम सायट्रेट आणि दुसऱ्या १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम फेरिसायनाइड असे दोन द्राव वेगवेगळे करून ठेवावेत आणि ऐन वेळी समप्रमाणात मिसळावेत. किती मिनिटे ऊन लागते ते आधी कागदाच्या पट्ट्यांवर अजमावावे. फेरिसायनाइडला तीव्र आम्ल लागू देऊ नये वा ते तापवू नये, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो. मिश्रण शिक्षकांनीच करावे. ठसा साबणाने किंवा सोड्याने धुऊ नये. अल्कलीने निळा रंग उडतो. तो का उडतो, हा वर्गात विचारण्याजोगा प्रश्न आहे.

ठसा झाला की मूळ वनस्पती फेकू नये. ती शेजारच्या पानावर चिकटवावी, म्हणजे अ‍ॅनांच्या पुस्तकात हरवलेला रंग काही काळ तरी सोबत राहील. आणि खाली गाव, जागा, तारीख, गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याचे पूर्ण नाव लिहावे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात १९०६ पासून असलेल्या ब्लॅटर हर्बेरियममधील जुने नमुने आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात, ते अशा चिठ्ठ्यांमुळेच. दिंद्रुडच्या माळावर यंदा काय उगवले होते, हे पन्नास वर्षांनी कोणाला जाणून घ्यावेसे वाटले, तर त्याला रंगीत चौकटीचा काही उपयोग नाही. तारखेचा आहे. गुण देताना शिक्षकांनी आधी ती तारीख पाहावी.