नैतिक भयाकडून नकाराकडे : स्टॅनली कोहेन यांचे गुन्हेगारीशास्त्र

जोहान्सबर्ग येथे जन्मलेले समाजशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन (१९४२-२०१३) यांनी ‘फोक डेव्हिल्स अँड मॉरल पॅनिक्स’ (१९७२) या ग्रंथात, इंग्लंडमधील क्लॅक्टन येथे १९६४ मध्ये तरुणांनी केलेल्या किरकोळ दंग्याला वृत्तपत्रांनी राष्ट्रीय संकटाचे रूप कसे दिले, हे दाखविले. तथापि, समाजाची प्रतिक्रिया अवाजवी ठरविण्याचे माप कोणते, हा प्रश्न तेथे अनुत्तरित राहतो. १९८० नंतर जेरुसलेम येथे अध्यापन करताना पॅलेस्टिनी कैद्यांच्या छळाविषयीचे समाजाचे मौन त्यांनी जवळून पाहिले. ‘स्टेट्स ऑफ डिनायल’ (२००१) हा ग्रंथ अशा मौनाचीच मीमांसा करतो. किरकोळ गोष्टीचा गाजावाजा आणि घोर अन्यायाकडे डोळेझाक या एकाच सामाजिक प्रक्रियेच्या दोन बाजू होत. म्हणूनच पहिल्या ग्रंथातील उणीव दुसरा भरून काढतो : माणसाला प्रत्यक्ष भोगाव्या लागलेल्या यातना, हेच ते माप होय.