सूक्ष्मचिपवरील द्रव क्रोमॅटोग्राफी : विलगीकरणक्षमतेच्या पूर्वानुमानाची चिकित्सा

प्रस्तावना

आन्द्रेआस मान्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली अवघ्या ५ मिमी × ५ मिमी आकाराच्या सिलिकॉन चिपवर १५ सेंमी लांबीच्या मोकळ्या स्तंभाचा आराखडा मांडला. चिप घडविण्यापूर्वीच तिची विलगीकरणक्षमता गणिताने वर्तविणे पुढे या क्षेत्रात रूढ झाले. पवई येथील आयआयटीतील सूक्ष्मनिर्मितीच्या सुविधा २००८ मध्ये सुरू झालेल्या इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅमद्वारे बाहेरील संशोधकांसाठीही खुल्या झाल्या. त्यामुळे अंधेरी, घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवली येथील महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीनेही हा विषय केवळ पुस्तकी राहिलेला नाही. कोरलेल्या वाहिनीची लांबी-रुंदी मागाहून बदलता येत नसल्याने पूर्वानुमानाची विश्वसनीयता तपासणे अगत्याचे ठरते.

पूर्वानुमानाचा आधार

मार्टिन व सिंज यांनी १९४१ मध्ये सैद्धांतिक प्लेटची संकल्पना क्रोमॅटोग्राफीत आणली. व्हॅन डीम्टर, झायडरवेग व क्लिंकेनबर्ग यांच्या १९५६ च्या समीकरणाने प्लेटची उंची तीन कारणांच्या बेरजेत मांडली : मार्गांची विविधता, लांबीच्या दिशेने होणारे विसरण आणि वस्तुमान-संक्रमणातील विलंब. पदवी व पदव्युत्तर वर्गांत शिकविले जाणारे हे समीकरण कण भरलेल्या स्तंभासाठी रचले गेले होते. ते स्तंभाच्या आत काय घडते, एवढेच सांगते. चिपच्या बाबतीत नेमकी हीच मर्यादा दृष्टीआड होते.

उणिवांची चिकित्सा

पहिली उणीव नमुन्याच्या प्रवेशाची आहे. पट्टा रुंदावण्याची कारणे परस्परस्वतंत्र असतील, तर त्यांच्या प्रचरणांची बेरीज होते. प्लेटची उंची १० मायक्रोमीटर मानल्यास ५ सेंमी लांबीचा स्तंभ ५,००० प्लेट देईल, असे समीकरण सांगते. परंतु नमुन्याचा आरंभीचा पट्टा २ मिमी लांब असेल, तर धारणा नसलेल्या घटकासाठी ही संख्या ३,००० वर येते. म्हणजे ४० टक्के घट होते. तोच पट्टा २५ सेंमी लांबीच्या स्तंभात सोडल्यास घट सुमारे १२ टक्केच राहते. स्तंभ जितका आखूड, तितका स्तंभाबाहेरील दोष भारी पडतो.

दुसरी उणीव वाहिनीच्या आकाराशी निगडित आहे. रुंद व उथळ वाहिनीला दोन अमर्याद समांतर पृष्ठांमधील पोकळी मानून गणित सोपे केले जाते. भिंती दूर असल्याने त्यांचा परिणाम नगण्य असेल, हा तर्क वरकरणी पटण्याजोगा आहे. तथापि तो चुकीचा आहे. दोशी, दैया व गिल यांच्या १९७८ च्या विश्लेषणानुसार, बाजूच्या भिंतींलगत प्रवाह मंदावल्यामुळे पुरेशा कालावधीनंतर प्रवाहजन्य विखुरण त्या सोप्या अंदाजाच्या जवळजवळ आठपट होते.

याचा अर्थ पूर्वानुमान निरुपयोगी आहे, असा नव्हे. ब्रुसेल्स येथील गेर्ट डेस्मेट यांच्या गटाने सुव्यवस्थित सूक्ष्मस्तंभिकांच्या रांगा वापरून २००७ मध्ये दाबचालित विलगीकरण साधले. रचना नियमित असल्यास मार्गांच्या विविधतेचा वाटा घटतो, ही अपेक्षा तेथे फलद्रूप झाली. पण त्यासाठी कडेची स्तंभिका आणि भिंत यांमधील अंतरही काटेकोरपणे योजावे लागते. भिंत हिशेबात घेतली, म्हणूनच भाकीत टिकले.

आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावयास हवी. दोन घटकांचे विभेदन प्लेटसंख्येच्या केवळ वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. स्थिर प्रावस्था त्या घटकांत मुळात भेद करीत नसेल, तर प्लेटसंख्येचे अचूक भाकीतही विलगीकरणाची हमी देत नाही.

निष्कर्ष

चिपचे पूर्वानुमान हे केवळ स्तंभाचे नसून प्रवेश, वाहिनी, वळणे व शोधक मिळून बनणाऱ्या संपूर्ण व्यवस्थेचे असावयास हवे. वर्तविलेल्या प्लेटसंख्येसोबत कोणती प्रचरणे धरली व कोणती वगळली, हे नमूद केल्याशिवाय तिची प्रयोगाशी तुलना अर्थपूर्ण ठरत नाही. पारदर्शक आवरणाच्या चिपवर एकाच वाहिनीत दोन ठिकाणी पट्ट्याची रुंदी मोजावी व प्रचरणांची वजाबाकी करावी. प्रवेशाचा वाटा आपोआप वगळला जाऊन वाहिनीचा खरा दोष हाती येतो. विद्यार्थ्याने वर्गात समीकरण सोडविण्याबरोबरच ही वजाबाकीही केली, तर समीकरण कोठे थांबते हे त्यास चिप घडविण्यापूर्वीच उमगेल.