‘बसत नाही’ : एका नकाराची समीक्षा

‘आपले लोक अडाणी आहेत, त्यांना आपले हक्क ठाऊक नाहीत, म्हणून ते सरकारी अन्यायाविरुद्ध दाद मागत नाहीत,’ हे विधान शिबिरांतून आणि व्याख्यानांतून आपण कितीतरी वेळा ऐकले आहे. वर्गात उभा राहून मीही ते केले आहे. आज मला ते खोटे वाटते. नुसते खोटे नव्हे, व्यवस्थेच्या सोयीचे वाटते. त्यात दोष अर्जदाराच्या पदरात पडतो आणि नकार देणारा मोकळा सुटतो.

करकंबची माझी आत्या विधवा आहे. दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात तिचा जन्म गेला. निराधारांच्या अनुदानासाठी तिने अर्ज केला. तीन खेपा फुकट गेल्या. चौथ्या खेपेला कचेरीतला माणूस मान वर न करता म्हणाला, ‘मावशी, तुमचं बसत नाही.’ आत्या उठली आणि घरी आली. कचेरी कोणती हे येथे गौण आहे. हे वाक्य कोणत्याही तालुक्यात ऐकू येते. मी चिडून म्हणालो, ‘का बसत नाही ते लिहून का नाही मागितलंस?’ ती म्हणाली, ‘उद्या रेशनला, परवा दाखल्याला त्यांच्याच दारात जायचंय बाबा. तू शिकून लांब गेलास. मला हितंच ऱ्हायचंय.’

या उत्तरात अज्ञान नाही, हिशेब आहे. तो समजून घेतल्याखेरीज आपल्याला तिला उपदेश करण्याचा अधिकार नाही.

प्रथम त्या वाक्याचेच व्याकरण पाहा. ‘बसत नाही’ यात नकार देणारा कोणी नाही. कारण नाही, तारीख नाही, जावक क्रमांक नाही. अपील करायचे तर कशाविरुद्ध? कायदा काही वेगळे सांगतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार, निर्णयाची झळ ज्याला लागते त्याला त्या निर्णयाची कारणे द्यावी लागतात. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने उत्पन्नाच्या दाखल्यासारखी अधिसूचित सेवा नाकारताना कारण लेखी देणे बंधनकारक केले आहे. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे, हेही त्याच वेळी कळवायचे आहे. तोंडी नकार हा या दोन्ही कायद्यांना दिलेला बगल आहे. कागदच नाही, तर अपील कुठून येणार?

दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून चालू आहे. २०२३ साली तिचे अनुदान दरमहा १५०० रुपये झाले, पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपयांवरच राहिली. ३६५ दिवसांनी भागा : दिवसाला सारे कुटुंब मिळून साडेसत्तावन्न रुपये. एवढ्यावर कोणते घर जगते? म्हणजे या दारात शिरतानाच अनेकांना आपली मजुरी लपवावी लागते. नियमानेच ज्याला खोटे बोलायला लावले, तो त्या नियमाच्या रखवालदाराशी भांडेल कसा? अपील म्हणजे चौकशी, आणि चौकशी म्हणजे हातचेही जाण्याची भीती. गरिबाचे मौन असे नियमातच पेरलेले असते.

तिसरी गोष्ट इतिहासाची. वतनदार महाराने पिढ्यान्‌पिढ्या सरकारचा कागद गावोगाव वाहिला. त्यात काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते. त्याच्या वाट्याला जोहार आला, सवाल आला नाही. वतने १९५८ च्या कायद्याने गेली, पण आपल्या अर्जाच्या शेवटी ‘कृपाभिलाषी’ अजून सही करतो. कृपा नाकारली तर तिच्याविरुद्ध अपील नसते. अपील हक्काचे असते.

येथे महाड आठवते. चवदार तळ्यावरून १९२७ साली सवर्णांनी बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. दावा फेटाळला गेला. ते अपिलात गेले, हरले. उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी तेथेही हरले. आपण यात आपला विजय पाहतो आणि ते योग्यच आहे. पण हरलेली माणसे दहा वर्षे वरवर जात राहिली, हेही पाहिले पाहिजे. ते आपल्याहून शहाणे नव्हते. नकार देणाऱ्याच्या हाती त्यांची भाकर नव्हती, एवढेच.

आपल्याकडेही ही वाट होती. मुंबई सरकारकडे दाद लागेना तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली लष्करभरती आणि सरकारी नोकऱ्यांसाठी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज नेला. तो समाजाच्या वतीने केलेला अर्ज होता, एकट्याचा नव्हता. ही परंपरा आपण विसरलो.

दलित साहित्याने ‘नकार’ हा शब्द मोठ्या अभिमानाने मिरवला. धर्माला नकार, वर्णाला नकार. ते आवश्यकच होते. पण टेबलामागून येणाऱ्या या बारक्या नकाराला नकार देणारा माणूस आपल्या कथा-कवितांत मला फारसा भेटत नाही. तेथे अपमान भेटतो, आक्रोश भेटतो. पोच मागणारा भेटत नाही. कार्यकर्तेही ‘तुमचं काम करून देतो’ म्हणतात, ओळखीने एकाचे काम करून देतात, आणि ओळख नसलेले चाळीस जण तसेच राहतात. अशाने हक्काचे पुन्हा कृपेत रूपांतर होते. फक्त मायबाप बदलतो.

आत्याला मी कारणे मागणारा अर्ज लिहून दिला. तिने अंगठा दिला नाही. म्हणाली, ‘एकटीला नको. गल्लीतल्या चौघी येत असतील तर येते.’ मला वाटते, चळवळीने काय करावे हे तिने माझ्याआधी ओळखले आहे. एकटीला उद्याच्या रेशनची भीती असते. पन्नास जणींचे रेशन एकाच वेळी अडवणे कठीण असते. म्हणून वस्तीवस्तीत एकत्र बसून पोच मागावी, नकार लेखी मागावा आणि अपिलावर सगळ्यांनी मिळून जावे. उत्पन्नाची ती खोटी मर्यादा बदलण्याची मागणीही त्याच अर्जात असावी. आपल्या लोकांना भित्रे म्हणण्याआधी एवढे तरी आपण करावे.