एका घरातले तीन जमाखर्च

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर नव्या वहीची पूजा होते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, वर 'श्री' लिहितात, आणि मग वर्षभर त्या वहीत एका बाजूला जमा व दुसऱ्या बाजूला खर्च अशी मांडणी चालते. व्यवहारात आपण ही शिस्त पाळतो. पण एखाद्याच्या आयुष्यातले यश मोजायची वेळ आली, की आपली नजर जमेच्या बाजूवरच खिळून राहते. पदव्या किती, संस्था किती, मानसन्मान किती! खर्च काय झाला आणि तो कोणाच्या नावे पडला, हे विचारणे आपल्याला अशुभ वाटते की काय, कोण जाणे!

मराठी वाङ्मयात मात्र एक घर असे आहे, की त्याच्या तीन वह्या तीन माणसांनी ठेवल्या. धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली निघाले. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' १९२८ सालची, आणि पत्नी आनंदीबाई, म्हणजे घरच्यांच्या बाया, यांचे 'माझे पुराण' १९४४ सालचे. ही तिन्ही पुस्तके एकापाठोपाठ एक वाचावीत, असे माझे सांगणे आहे. कर्तृत्व एकच, पण ते तीन ठिकाणांहून निरनिराळे दिसते.

नावांपासूनच पाहा. 'वृत्त' म्हणजे हकीकत. घडले तसे सांगणारी, आवाज न चढवणारी. कर्व्यांचे पुस्तक तसेच आहे. १८७५ साली मुरूडचा हा मुलगा सोबत्यांबरोबर डोंगरवाटा तुडवीत पायी साताऱ्याला परीक्षेसाठी गेला, आणि दिसायला लहान म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. दुसऱ्या एखाद्या लेखकाने या प्रसंगावर डोळ्यांत पाणी आणले असते. कर्वे तो सांगतात आणि पुढे चालू लागतात. १८८४ साली बी. ए., १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित, १८९३ साली विधवेशी विवाह आणि त्यापायी गावाचा बहिष्कार, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम, १९०० साली हिंगण्याच्या माळावरची झोपडी. सगळे एकाच संथ सुरात. दिवसा कॉलेजात शिकवून संध्याकाळी पायी हिंगणे गाठणारा हा माणूस लिहितानाही पायीच चालतो.

या पुस्तकाची एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ते लिहिले तेव्हा कर्वे सत्तावन्न वर्षांचे होते, कॉलेजातून नुकतेच निवृत्त झालेले. महिला विद्यापीठ निघायचे होते ते पुढल्या वर्षी, १९१६ साली. ज्या कामासाठी पुढे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, त्याचा 'आत्मवृत्ता'च्या पहिल्या आवृत्तीत पत्ताच नाही! म्हणजे हे यशस्वी माणसाने मागे वळून वाजवलेले नगारे नव्हेत. अर्धे काम उरलेल्या माणसाचा तो हिशेब आहे, आणि म्हणूनच तो विश्वासार्ह वाटतो. मात्र या संथपणाचा एक दोषही आहे. सगळी दुःखे एकाच उंचीची दिसू लागतात. स्वतःचे दुःख लहान करून सांगणारा माणूस नकळत शेजारच्याचेही लहान करतो.

दुसरी वही 'कहाणी'ची. श्रावणात घरोघरी बायका कहाण्या ऐकतात. त्यांत एक बाई असते, तिच्यावर संकट येते, ती एक वसा घेते आणि उतत नाही, मातत नाही. पार्वतीबाईंनी हे नाव मुद्दाम योजले की नाही, ते सोडा. पण ते पुस्तकाला नेमके लागू पडते. देवरुखच्या घरातल्या या विधवा बाई मोठेपणी धाकट्या मुलींच्या बरोबरीने शिकल्या आणि आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या. १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी नीट येत नव्हते, ते शिकायचे म्हणून परक्या घरांत घरकामाची चाकरी पत्करली.

संस्थेच्या अहवालात वर्गणी ही एक रक्कम असते. पार्वतीबाईंच्या पुस्तकात त्या रकमेला उंबरठे फुटतात. प्रत्येक रुपयामागे एक दार आहे, त्या दाराशी उभी राहिलेली एक बाई आहे, आणि तिला गिळावा लागलेला एखादा शब्द आहे. पुस्तकाचे उणे म्हणाल, तर लेखिकेची नजर वशावरून ढळत नाही, म्हणून तिचे स्वतःचे मन आपल्याला मधूनमधूनच भेटते. पण यश म्हणजे स्वतःच्या नावाची पाटी नव्हे, घेतलेले काम न सोडणे होय, ही समजूत इतक्या साधेपणाने सांगणारी पुस्तके मराठीत थोडीच आहेत.

तिसरी वही बायांची. 'पुराण लावणे' हा वाक्प्रचार आपण कंटाळून वापरतो. आपले बोलणे पुरुषमंडळींना तसे वाटणार हे जणू ओळखून बायांनी आधीच स्वतःच्या पुस्तकाला ते नाव देऊन टाकले! हा मिस्किलपणा पुस्तकभर आहे. बालपणी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिक्षण, आणि मग कर्व्यांशी विवाह. इथवरचा भाग आपण 'आत्मवृत्ता'तून ओळखतो. पुढचा भाग मात्र दुसऱ्या कोणाला सांगताच आला नसता. नवऱ्याची मिळकत संस्थेकडे वळलेली आणि घरी पोरे वाढवायची, हा प्रश्न घरच्या बाईलाच सोडवावा लागतो. आश्रम विधवांच्या शिक्षणाचा. त्याचा संबंध पुनर्विवाहाशी जोडला गेला, तर लोक बिचकणार. तेव्हा पुनर्विवाहिता बाईने त्यापासून चार पावले दूरच राहिलेले बरे! ज्या विवाहाने या घराची वाट बदलली, त्या विवाहाची नायिकाच दाराबाहेर. 'आत्मवृत्त' वाचताना ही गोष्ट आपल्या ध्यानातही येत नाही. 'पुराण' वाचल्यावर ती विसरता येत नाही.

कोणी म्हणेल, थोर माणसाच्या घरातली कुरबुर चव्हाट्यावर कशाला? मला ही कुरबुर वाटतच नाही. बाया रडत नाहीत, आरोप करीत नाहीत. रुसवा सांगतात आणि सांगता सांगता हसतात. वाङ्मय म्हणून तिन्हींत मी पहिला मान 'माझे पुराण'लाच देईन. त्यात माणसे बोलतात, चुलीवरचे उतू जाते, आणि मोठे कार्य घरात शिरले म्हणजे घराचे काय होते ते दिसते.

मग कर्व्यांचे यश या वहीने उणे होते का? मुळीच नाही. उलट ते खरे वाटू लागते. सारा खर्च एकट्याने सोसला, ही चरित्रकारांची आवडती कथा कोणत्याही कर्त्या माणसाबद्दल सहसा खरी नसते. कर्व्यांची खरी मिळकत अशी, की ज्या दोघींच्या नावे खर्च पडला, त्या स्वतःची वही उघडून सांगण्याइतक्या शिकल्या, धीट झाल्या. बाईने शिकावे यासाठी ज्याने आयुष्य वेचले, त्याच्या घरातली बाई त्याच्याच कामाचा हिशेब निःसंकोच मांडते. संस्थापकाला याहून मोठी पोचपावती कोणती हवी?

१९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न मिळाले. तो दिवस पाहायला बाया नव्हत्या. त्या १९५० सालीच गेल्या. तेव्हाचा गौरव एका नावाचा झाला, आणि तसा तो व्हायचाच. पण पुस्तकांच्या कपाटात आपल्याला ती चूक करण्याचे कारण नाही. 'आत्मवृत्ता'शेजारी 'कहाणी' आणि 'पुराण' ठेवावे.

आणि घरातल्या कोणाच्या बढतीचे, निवृत्तीचे वा साठीचे पेढे या दिवाळीत वाटले जात असतील, तर त्या कर्त्या माणसाने पेढ्याचा पहिला तुकडा हाती घेण्यापूर्वी एवढेच विचारावे: माझ्या या यशाची दुसरी वही कोणाकडे आहे, आणि ती मी कधी वाचायला मागितली का?