व्यापाऱ्याचें चरित्र आणि त्याची खतावणी

मराठी चरित्रवाङ्मयाची संपत्ति लहान नाहीं. संतांचीं, वीरांचीं, मुत्सद्द्यांचीं, सुधारकांचीं आणि ग्रंथकारांचीं चरित्रें आमच्याकडे विपुल आहेत. परंतु ज्याच्या वखारीभोंवतीं गांव वाढलें आणि ज्याच्या उधारीवर गांवानें वाईट वर्षें काढलीं, त्या व्यापाऱ्याचें चरित्र शोधूं लागलें म्हणजे हात बहुधा रिकामाच परत येतो. व्यापारी आमच्या साहित्यांत येतो तो दोन वेषांत. एक तर तो कादंबरींतला कवडीचुंबक सावकार असतो, नाहीं तर स्मृतिग्रंथांतला दानशूर शेठ. तिसरा वेष त्यास मिळतो तो व्यापार सुटल्यावर. तुकोबांचें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. देहूचा हा वाणी दुष्काळांत बुडाला. पुढें आपल्या वाट्याचीं कर्जखतें त्यानें इंद्रायणींत सोडलीं असें परंपरा सांगते. आणि तेथपासून चरित्रकारांची लेखणी रंगूं लागते. संताच्या बाबतींत तें योग्यच झालें. परंतु त्या प्रसंगाची छाप आमच्या मनावर अशी बसली कीं, खतावणी पाण्यांत गेल्यावांचून वाण्याचें आयुष्य लिहिण्याजोगें होत नाहीं, असें आम्ही धरून चाललों.

हें असेंच असलें पाहिजे असें मात्र नाहीं. बनारसीदास या जैन व्यापाऱ्यानें १६४१ सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, 'अर्धकथानक' हें पद्यात्मक आत्मचरित्र लिहिलें. जौनपुर-आग्र्याच्या बाजारांत मिळविलेल्या नफ्यापेक्षां झालेला तोटाच त्यानें अधिक मोकळेपणानें नोंदविला आहे. आणि आपलीं नऊही अपत्यें गेलीं, हें दुःखही त्याच सरळपणानें सांगितलें आहे. युरोपांत टोमास मान यानें १९०१ सालीं 'बुडेनब्रोक्स' या कादंबरींत ल्यूबेक शहरांतल्या एका धान्यव्यापारी घराण्याच्या चार पिढ्या रंगविल्या. त्या घरांत वंशाच्या नोंदींची एक वही आहे. घराण्यांतला शेवटचा मुलगा एके दिवशीं तींत आपल्या नांवाखालीं दुहेरी रेघ ओढून मोकळा होतो. पेढीचा आणि घराचा हिशेब निराळा करतां येत नाहीं, हें या दोन्ही ग्रंथांचें मर्म होय. व्यापाऱ्याच्या चरित्राची कसोटी आम्हांस हीच वाटते.

ही कसोटी हातीं घेऊन विदर्भाच्या पूर्व टोंकाकडे पाहूं. गोंदिया हें वैनगंगेच्या खोऱ्यांतलें गांव खऱ्या अर्थानें सरहद्दीवरचें. एका बाजूस बालाघाट, दुसऱ्या बाजूस राजनांदगांव, आणि भोंवतीं तेंदूचें रान. हा मुलूख १९५६ पर्यंत मध्य प्रदेशांत, मग द्वैभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथें बंगाल-नागपूर रेल्वे आली, आणि पुढच्या शतकाच्या पहिल्या दशकांत येथूनच जबलपुराकडे अरुंद रुळांचा सातपुडा लोहमार्ग गेला. पान रानांत होतें, वळणारे हात गांवोगांव होते, आणि तंबाखू गुजरातच्या चरोतरांतून गाडीनें येऊं शकत होता. या तिघांची गांठ घालणारा कोणी हवा होता. तें काम करणाऱ्यांत गुजराती पेढ्या प्रमुख होत्या. त्यांतलें सर्वांत ठळक नांव मनोहरभाई पटेल यांचें.

मनोहरभाईंचा जन्म ९ फेब्रुवारी १९०६ चा, चरोतरांतल्या नडियादचा. म्हणजे 'सरस्वतीचंद्र'कार गोवर्धनराम त्रिपाठींच्या गांवचा. गोंदियाच्या विडी-व्यवसायांत ते मोठे झाले, विधानसभेवर निवडून गेले, १९५८ सालीं त्यांनीं गोंदिया शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९७० सालीं ते निवर्तले. त्यांच्या जयंतीस गुणी विद्यार्थ्यांना सुवर्णपदकें देण्याचा प्रघात गोंदियांत रूढ झाला. एकाच दिवशीं त्यांनीं अनेक शाळा उघडल्या, ही गोष्ट त्या भागांत अभिमानानें सांगितली जाते. या कृतज्ञतेंत खोटें कांहीं नाहीं. ज्या मुलखांत मॅट्रिकच्या पुढें शिकावयाचें तर नागपूर गांठावें लागे, तेथें धोटे बंधु विज्ञान महाविद्यालय किंवा नटवरलाल माणिकलाल दलाल महाविद्यालय उभें राहणें ही लहान गोष्ट नव्हे. 

आमचा आक्षेप आहे तो या स्मरणाच्या साच्यावर. गौरवपर लेखनाच्या चार पायऱ्या ठरलेल्या असतात: गरिबी, कष्ट, यश, दान. पहिल्या दोन पायऱ्यांस एकेक परिच्छेद मिळतो, यशास एक वाक्य पुरतें, आणि उरलेलीं सारीं पानें दानाचीं. यश कसें आलें हाच तर चरित्राचा गाभा. आणि नेमका तोच वाचकास मिळत नाहीं. 

तो गाभा किती समृद्ध आहे पाहा. झुडपांची छाटणी उन्हाळ्याच्या तोंडाशीं होते. एप्रिल-मेमध्यें अख्खीं कुटुंबें पहाटे रानांत शिरून पानें तोडतात, त्यांचे पुडे बांधतात आणि फळीवर मोजून देतात. पुढें पान आणि तंबाखू सट्टेदाराच्या हातीं जातो, आणि त्याच्याकडून घरोघरच्या बायांच्या सुपांत. मजुरी हजार विड्यांमागें. आणि वाईट ठरविलेल्या विड्या बाजूस काढण्याची ती 'छाट', जिचे पैसे वळणारीस मिळत नसत. पेढी आणि वळणारी यांच्यामध्यें सट्टेदार उभा असल्यामुळें मजुराचा मालक कोण, हा प्रश्न कित्येक वर्षें लोंबकळत राहिला. सागर जिल्ह्यांतल्या विडी-कारखान्यांचे दोन खटले त्यासाठीं मुद्दाम वाचावे. शेतीच्या हंगामांत विड्या वळण्यास बंदी करण्याचा अधिकार देणारा १९४८ चा प्रांतिक कायदा सर्वोच्च न्यायालयानें १९५० सालीं, धंद्याच्या स्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन म्हणून, रद्द ठरविला. १९५८ सालीं त्याच न्यायालयानें सट्टेदार हा स्वतंत्र कंत्राटदार होय, कारखान्याचा कामगार नव्हे, असा निर्णय दिला. घरीं बसून विडी वळणाऱ्यांस कायद्यानें स्पष्टपणें कामगार म्हणून जवळ केलें तें १९६६ सालीं. गोंदियाची शिक्षण संस्था निघाली ती नेमकी या दोन टोंकांच्या मधल्या काळांत. हा योग चरित्रकाराच्या नजरेंतून निसटतां कामा नये.

कुटुंबाविषयींही असेंच मौन आढळतें. व्यापारी घराण्यांत पेढी आणि घर यांच्यामध्यें एक उंबरठा असतो, भिंत नसते. परमुलखांत आलेल्या घरांतल्या स्त्रियांनीं कोणत्या भाषेंत शेजार जोडला? मराठी, हिंदी, पोवारी आणि गोंडी ऐकूं येणाऱ्या बाजारांत हिशेब कोणत्या लिपींत लिहिला गेला? मनोहरभाई गेले तेव्हां त्यांचे चिरंजीव प्रफुल्ल अवघे तेरा वर्षांचे होते. ते पुढें राजकारणांत येऊन केंद्रांत मंत्री झाले, हें सर्वश्रुत आहे. परंतु मधल्या वर्षांत पेढीचा भार कोणीं वाहिला, घर कोणीं सांभाळलें, हा प्रश्न चरित्राच्या दृष्टीनें मंत्रिपदाहून मोलाचा आहे. 

यावर दोन बाजूंनीं आक्षेप येतील. एक म्हणेल, उपकारकर्त्याच्या वह्या उघडणें ही कृतघ्नता. दुसरा म्हणेल, छाट कापणाऱ्या धंद्याची स्तुति हवी कशाला? आम्हांस दोघेही एकाच आळसाचे धनी वाटतात. कारण दोघांनाही निकाल हवा आहे, हिशेब नको. वळणारीच्या हजार विड्यांमागच्या पैशांतून पेढी वाढली, आणि त्याच पेढीच्या पैशांतून निघालेल्या शाळेंत तिचें मूल जाऊं शकलें. हीं दोन्ही विधानें एका पानावर शेजारीं-शेजारीं लिहिणारा चरित्रकारच त्या माणसास न्याय देईल. दानाची थोरवी तेणेंकरून कमी होत नाहीं; उलट तिची किंमत प्रथमच कळूं लागते.

यास आतां फार सवड उरलेली नाहीं. जुने रोजमेळ आणि खतावण्या माळ्यांवर कसरीच्या तोंडीं पडतात, आणि सट्टेदाराच्या दारांत छाट मोजून घेतलेल्या बाया वृद्ध झाल्या आहेत. व्यापाऱ्यांच्या नांवानें उभ्या राहिलेल्या त्या महाविद्यालयांत इतिहास आणि वाणिज्य शिकणारे तरुण आहेत. त्यांतल्या एखाद्यानें पेढीवर बसून वह्या उतरून घ्याव्या, आणि गल्लींत जाऊन आपल्या आजीचें म्हणणें लिहून घ्यावें. गोंदियाच्या व्यापाऱ्याचें खरें चरित्र लिहिण्याचा पहिला अधिकार त्याचाच आहे, आणि तें लिहिण्याचें ऋणही त्याच्यावरच आहे.